शून्य गुणांची समीक्षा: लिझ फेअरच्या अल्बमवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि मुद्देसूद आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकन रॉक गायिका लिझ फेअरचा २००३ सालचा, तिच्याच नावाचा अल्बम वाईटच आहे आणि पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला १० पैकी ०.० गुण दिले ते योग्यच होतं. पुढे २०१९मध्ये त्या समीक्षकाने तिची जाहीर माफी मागितली, २०२१मध्ये पिचफोर्कने ०.० खोडून ६.० केले, हे सगळं वारा येईल तशी पाठ देणं आहे. आणि मी त्या अल्बमची बाजू घेतली तीही त्याच वाऱ्यामुळे, शिवाय गायिका बाई आहे म्हणून.

आधी अल्बमबद्दल. तो सगळाच चांगला आहे असं मी लिहिलं नव्हतं. ‘फेव्हरिट’ हे गाणं मलाही आवडत नाही. जुन्या आवडत्या अंतर्वस्त्राची उपमा एका कडव्यापुरती चालली असती, तिच्यावर अख्खं गाणं उभं राहत नाही. ‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी’मधली गिटार इतकी दाबून, चकचकीत करून ठेवली आहे की वाजवणाऱ्याचा हात ऐकूच येत नाही. ही दोन्ही आणि ‘व्हाय कान्ट आय’, ‘रॉक मी’ अशी चार गाणी द मेट्रिक्स या गीतकार-निर्मात्यांच्या त्रिकुटाने घडवलेली. आदल्याच वर्षी किशोरवयीन गायिका ॲव्हरिल लव्हीनचं ‘कॉम्प्लिकेटेड’ गाजलं होतं, तेही त्यांचंच काम. तिथून टीकेला आयता धागा मिळाला: छत्तिशीतली बाई सोळा वर्षांची होऊ पाहतेय. न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखाच्या तर शीर्षकातच ॲव्हरिलचं नाव होतं.

पण मग गाणी ऐका ना! ‘व्हाय कान्ट आय’ हे अल्बममधलं सर्वांत ‘विकाऊ’ गाणं. त्यातली दोन माणसं आधीच दुसऱ्या कुणाशी तरी जोडलेली आहेत आणि तरीही एकमेकांकडे ओढली जाताहेत. ती ओढ गाणारी बाई कसलाही आडपडदा न ठेवता सांगते, मूळ ओळीत शिवीसकट. यात सोळा वर्षांचं काय आहे? ‘रॉक मी’मध्ये तिच्यापेक्षा लहान वयाचा प्रियकर आहे, त्याच्याकडे एक्सबॉक्स आहे, रेकॉर्डचा संग्रह नाही आणि लिझ फेअर कोण हे त्याला ठाऊकही नाही. मला ती ओळ या अल्बमची किल्ली वाटते. दहा वर्षं जिला तिच्या पहिल्याच अल्बमच्या मापाने मोजलं गेलं, तिला आपलं नाव माहीत नसलेला माणूस भेटल्यावर मोकळं वाटतं. हे गाणं उथळ म्हणून बाजूला टाकता येईल, पण त्यासाठी आधी ते काय सांगतंय ते सांगावं लागेल.

आणि ‘लिटल डिगर’. हे त्या चार चकचकीत गाण्यांपैकी नाही. आईच्या आयुष्यात नवा पुरुष आलाय आणि लहान मुलगा आपल्या खेळण्यातल्या गाड्या एकेक करून त्याला दाखवतोय. आई हे बघतेय आणि आपण पोराचं काय करून बसलो हे तिला उमगतंय. घटस्फोटित आईच्या तोंडून असं गाणं रॉकमध्ये मी फार थोडं ऐकलं आहे. या गाण्यासकट अख्ख्या अल्बमला ०.०?

तुमचा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ज्या बाईने ‘एक्झाइल इन गायव्हिल’ हा पहिला अल्बम केला, तिने आपल्या लोकांशी दगाफटका केला. १९९३चा तो अल्बम मलाही प्राणप्रिय आहे. मॅटाडोरसारखी छोटी कंपनी, अठरा गाणी, त्यांतली बरीचशी आधी घरी चार-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर जन्मलेली, तो खालच्या पट्टीतला, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. ‘गायव्हिल’ म्हणजे शिकागोच्या इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या संगीताच्या, वर्तुळातलं पुरुषांचं गाव, जिथे कोणतं संगीत अस्सल हे तेच ठरवत. आता हे आठवा: १९९४च्या जानेवारीत, अल्बम येऊन वर्षही झालेलं नसताना, शिकागोचाच संगीतकार आणि ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने शिकागो रीडर या साप्ताहिकाला एक जळजळीत पत्र लिहिलं. तेव्हा निर्वाणा या बँडचा ‘इन युटेरो’ त्याने नुकताच रेकॉर्ड केला होता. फेअर आणि स्मॅशिंग पम्पकिन्स, अर्ज ओव्हरकिल हे शिकागोचे दोन बँड, अशा तिघांना त्याने बाजाराचे लाळघोटे ठरवलं, त्यांचं कौतुक म्हणजे प्रसिद्धीवाल्यांची करामत म्हटलं. म्हणजे २००३मध्ये जो अल्बम पवित्र मानून तिच्या तोंडावर मारला गेला, त्याच्यावरही ‘विकली गेली’ हा शिक्का आधीच बसला होता. अस्सलपणाच्या या फूटपट्टीवर तो अल्बमही उतरला नाही, याचं काय करायचं?

आता गुणांबद्दल. पिचफोर्कच्या गुणांमध्ये ०.० पासून १०.० पर्यंत १०१ पायऱ्या आहेत. इतक्या बारीक मापात शून्य देणं म्हणजे मोजायलाच नकार देणं. त्या शून्याचा मार कुणाला बसतो तेही पाहा. फेअर कॅपिटलसारख्या मोठ्या कंपनीत होती, ‘व्हाय कान्ट आय’ अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत ३२व्या स्थानापर्यंत गेलं, ती तरली. पुढच्याच वर्षी, २००४मध्ये, ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्तान’ला शून्य मिळालं. डिसमेम्बरमेंट प्लॅन या बँडचा हा गायक, पहिलाच एकट्याचा अल्बम, छोटी कंपनी. एका रात्रीत लोकांची नजर बदलली, असं त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं. त्याच साली आर्केड फायर या बँडच्या ‘फ्युनरल’ला ९.७ मिळाले आणि त्यांचं नाव सगळीकडे झालं. इंडीमध्ये जाहिरातीला पैसा नसतो, रेडिओ फारसा वाजवत नाही, म्हणून समीक्षकाच्या शब्दाला एवढं वजन येतं. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने काय ऐकलं ते लिहायला नको का?

म्हणूनच २०२१च्या ६.० बद्दल तुम्ही चिडलात त्याच्याशी मी बराचसा सहमत आहे. त्या वेळी एकूण १९ अल्बमांचे गुण बदलले. इंटरपोल या बँडच्या पहिल्या अल्बमचे ९.५ वरून ७.० केले, डाफ्ट पंक या जोडीच्या ‘डिस्कव्हरी’चे ६.४ वरून थेट १०. सहा हा आकडाही ‘लिटल डिगर’बद्दल काहीच सांगत नाही. माफीचं मात्र मला वेगळं वाटतं. त्या समीक्षकाने आपण तरुणपणी तुच्छतेने लिहिलं असं मोकळेपणाने म्हटलं आणि ते फेअरला उद्देशून म्हटलं. यात वाऱ्याला पाठ देणं कुठे आलं? सोळा वर्षांनी त्या अल्बमसाठी वारा वाहत तरी कुठे होता?

बाई आहे म्हणून बाजू घेतली, या आरोपाचं उत्तर वर गाण्यांच्या वाचनात आलं आहे. ते वाचन चुकीचं वाटत असेल तर त्यावरच लिहा, मला ते हवंच आहे. ‘रॉक मी’मध्ये तुम्हाला काय खोटं वाटतं? ‘लिटल डिगर’ तुमच्या प्रतिक्रियेत एकदाही आलं नाही, ते का? वाईट वाटलं असेल तर कुठल्या ओळीला, कुठल्या सुराला, ते कळवा. तुमचं उत्तर लांबलं तरी मी ते काटछाट न करता पूर्ण छापेन.