डावा हात मोकळा नाही

मोटारसायकलच्या गिअरपेटीत न्यूट्रलची जागा पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये असते, असे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत चित्रासह छापलेले आहे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. कारण दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना मी दर वेळी तिच्यावरूनच पुढे जातो. पाय हलका ठेवला तर गाडी दुसरा गिअर सोडत नाही, किंचित जड झाला की थेट पहिल्यात जाऊन बसते, आणि तिथून दांडी वर उचलली की पुन्हा दुसऱ्यात. या येरझाऱ्यांत मीटरवरचा हिरवा दिवा मधूनच लुकलुकतो खरा. परंतु ज्याने पावसाळ्यातली कोकणातली वीज पाहिली आहे, तो एवढ्याशा उजेडावर विसंबून क्लच सोडत नाही.

वडिलांच्या जुन्या गाडीचे चारही गिअर एकाच दिशेने पडत असत. टाचेने मागे मारत गेले की शेवटी न्यूट्रल यायचेच, त्यामुळे ‘न्यूट्रल सापडत नाही’ ही तक्रार त्यांना आजही पटत नाही. ती माझी काहीतरी सबब असावी, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

आमच्या भागात या दुखण्याला सिग्नलचे निमित्त लागत नाही. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी येते, रस्त्याच्या मधोमध गुरे रवंथ करत बसलेली असतात. पण तिथे चारचौघे पाहायला नसतात. खरी कसोटी लागते ती दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला ही सोय फार उत्तम आहे आणि गुहागरला जाणाऱ्याचा चिपळूणकडचा मोठा वळसा ती वाचवते, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. मात्र बोटीत शिरल्यावर खलाशी हाताच्या खुणेने ‘अजून पुढे, अजून पुढे’ करत आपल्याला एका मोटारीचा आरसा आणि दुसऱ्या मोटारसायकलचे हँडल यांच्यामध्ये बसवतो, आणि तिथे गाडी पहिल्या गिअरमध्ये धडधडत उभी राहते. डावा हात क्लचवर, उजवा ब्रेकवर, आणि पाकीट पँटच्या मागच्या खिशात. नेमका त्याच वेळी तिकिटवाला समोर येतो.

इंजिन बंद करावे, हा सल्ला आजूबाजूच्या सर्वांनी एकमुखाने दिला. तो मलाही सुचला होता. पण माझ्या गाडीचा सेल्फ केव्हाच निकामी झालेला आहे आणि तिला किक लागते ती न्यूट्रलमध्येच. बंद गाडी पुढे-मागे हलवत दांडी दाबली की न्यूट्रल पडते, हेही खरे. फक्त पुढे-मागे हलवायला वीतभर तरी जागा हवी. तेवढ्यात खलाशी मागून गाडी सरकवायला आला आणि ती जागची हलेना तेव्हा सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “अवो, गिअरमध्ये हाय गाडी!” शेजारी छत्री टेकून उभे असलेले एक आजोबा इतका वेळ माझ्या पायाकडे पाहत होते. “एवढ्या लाथांवर आमचा बैल केव्हाच उठला असता,” ते म्हणाले. अखेर तिकिटाचे पैसे माझ्या खिशातून त्यांनीच काढून दिले आणि उरलेले सुटे मोजून पुन्हा त्याच खिशात ठेवले.

गावातल्या मेस्त्रींनी मात्र सगळे शांतपणे ऐकून घेतले. क्लच दाबला की प्लेटा एकमेकींपासून सुटल्या पाहिजेत. पण केबल सैल असेल, प्लेटा वाकल्या असतील किंवा ऑइल भलत्याच ग्रेडचे असेल, तर त्या पुरत्या सुटत नाहीत. मग इंजिन गिअरपेटीला थोडेथोडे ओढत राहते, गिअरचे दात एकमेकांत घट्ट दाबलेले राहतात आणि पायाला दाद देत नाहीत. त्यातून न्यूट्रलची खाच बाकीच्या खाचांपेक्षा उथळ. चाक फिरत असताना हा ताण सैल पडतो, म्हणून न्यूट्रल थांबण्याआधीच, गाडी सरपटत असताना दुसऱ्यावरून टाकून घ्यावे, हे त्यांनी बजावले. बहुतेक गाड्यांच्या क्लचच्या दांडीला टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढिलाई असावी लागते. माझ्या दांडीला ती इतकी होती की निम्मा क्लच दाबेपर्यंत आत काही घडतच नव्हते. केबल बाहेर काढल्यावर तिच्या तारांवर तांबूस गंज होता. खारा वारा आणि ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस सोसणाऱ्या जिल्ह्यात घराच्या खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे केबलने तरी काय करावे?

कावासाकी कंपनीने यावर फार पूर्वीच तोड काढलेली आहे. त्यांच्या अनेक गाड्यांच्या गिअरपेटीत पोलादी गोळ्या असतात. गाडी उभी असताना त्या अशा अडतात की पहिल्यावरून दांडी वर उचलली तर दुसरा गिअर पडूच शकत नाही, न्यूट्रलच पडते. हे वाचल्यावर मी बराच वेळ कोणाशी बोललो नाही. इतरांनी या गोळ्या का बसवल्या नाहीत, हा प्रश्न मला विधानसभेत मांडण्याजोगा वाटतो.

नवी केबल, नव्या प्लेटा आणि नवे ऑइल पडल्यापासून न्यूट्रल सापडू लागले आहे; किंबहुना आता ते न मागताही मिळते. परवा बंदरावरून सड्याकडे जाणाऱ्या चढावर, अगदी वळणावर, मी पहिल्यातून दुसऱ्यात गेलो आणि इंजिन एकदम किंचाळले. हिरवा दिवा कधी नव्हे तो ठसठशीत पेटला होता, गाडी मागे घसरू लागली होती आणि मागे एसटी होती. चालकाने करकचून ब्रेक दाबला, खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले आणि मला माहिती पुरवली, “अवो, न्यूट्रलमध्ये हाय गाडी!”