सावली कसली?
कस्तुरबा गांधींवरचा लेख आवडला, पण त्यात त्यांना 'बापूंची सावली' म्हटलंय ते काही पटलं नाही. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत कोर्टाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं अमान्य ठरवली, तेव्हा त्या स्वतः सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. ९ ऑगस्ट १९४२ला गांधीजींना पकडल्यावर शिवाजी पार्कच्या सभेत बोलायला निघाल्या, म्हणून त्यांनाही अटक. ही सावली कशी काय हो? पुण्यात आगाखान पॅलेसला गेलात तर नुसते फोटो काढून परतू नका, आवारातल्या समाध्याही बघा. बांची म्हणजे कस्तुरबांची, आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंची, शेजारी शेजारी. २२ फेब्रुवारी १९४४ला बांनी तिथेच प्राण सोडला, कैदेत. शेवटच्या प्रवासाला अंगावर बापूंनी कातलेल्या सुताची साडी होती.