कुलूप रस्त्याचं आहे, फाइलचं नाही

अमळनेरकर भाऊ,

फाइलची पीडीएफ करून देणाऱ्या, साइज कमी करणाऱ्या फुकट साइट्सवर सातबाऱ्यासारखे कागद टाकताना जपा, असं मी लिहिलं होतं. त्यावर

'साइटच्या पत्त्यापाशी कुलूप दिसतं, तासाभरात फाइल डिलीट होते असं लिहिलेलं असतं, तरी तुम्ही शेतकऱ्यांना उगाच घाबरवता. सातबाऱ्यात चोरण्यासारखं असतं काय?' असं तुम्ही विचारलंय.

सातबाऱ्याचं मान्य. तो महाभूलेखवर कुणीही बघू शकतो. तिथे माझंच लिहिणं सैल झालं. पण कर्जाला किंवा पीक विम्याला सातबारा एकटा जात नाही. सोबत आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि सही केलेलं स्वयंघोषणापत्र असतं. केंद्रावरचा पोरगा सगळं एकत्र जोडतो, साइज जास्त भरते, मग गूगलवर जी साइट आधी दिसेल तिच्यावर टाकून मोकळा होतो. माझा जीव त्या गठ्ठ्यात अडकलाय.

कुलूप खोटं नाही. तुमच्या मोबाइलपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंत वाटेत कुणी फाइल वाचू शकत नाही, एवढं ते सांभाळतं. पण वर्डची पीडीएफ करायची तर सर्व्हरला फाइल उघडावीच लागते. पोत्याचं तोंड सोडल्याशिवाय गिरणीत दळण होतं का? पुढे ती एन्क्रिप्ट करून (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) ठेवतात का, कोणता कर्मचारी बघू शकतो, बॅकअपमधूनही पुसतात का, हा सगळा त्यांच्या शब्दाचा मामला. शब्द पाळणारे आहेतच. पण फुकट कन्व्हर्टरच्या नावाखाली मालवेअर (माहिती चोरणारं, यंत्र बिघडवणारं सॉफ्टवेअर) घुसवणाऱ्या साइट्सही आहेत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने तसा इशारा दिला होता.

डिलीटचं मी करून पाहिलं. किराण्याची यादी (कळण्याचं पीठ, शेंगदाणे, तेल) एका साइटवर टाकली आणि डाउनलोडची लिंक भावाला पाठवली. ना लॉगिन, ना पासवर्ड, तरी त्याच्याकडे उघडली. साइटवर लिहिलेलं 'एका तासात नष्ट'. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच लिंक बायकोच्या मोबाइलवर उघडली. भावाच्या मोबाइलमध्ये जुनी प्रत राहिली असेल ही शंका नको म्हणून. यादी जशीच्या तशी, तेलासकट!

कायदा आहे म्हणाल, तर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यात १८ महिन्यांची मुदत.

मी स्वतः लिब्रेऑफिस या कॉम्प्युटरवरच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येच पीडीएफ करतो, नेट लागतच नाही. काही साइट्स ब्राउझरच्या आतच काम उरकतात. ओळखायचं असेल तर पान उघडल्यावर नेट बंद करून एखादी बिनकामाची फाइल टाका. तरीही बदलून मिळाली, तर काम तुमच्याच यंत्रावर झालं. खरी फाइलही नेट बंद ठेवूनच करा आणि टॅब बंद केल्यावरच नेट चालू करा. आणि चालत असेल तिथे शेवटचे ४ अंकच दिसणारं मास्क्ड आधार द्या.

तुम्ही वापरता त्या साइटवर आज एक किराण्याची यादी टाकून बघा. उद्या लिंक उघडली की नाही, ते इथेच लिहा.