पिल्लांना रोज चिमूटभर अँटिबायोटिक देऊ नका

"पिल्लं आली की पहिल्या दिवसापासून पाण्यात रोज चिमूटभर अँटिबायोटिक टाका. आतडी साफ राहतात, वजन येतं. लॉट जाईपर्यंत बंद करू नका." ब्रॉयलरवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज माझ्या भाच्यानं मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, चालू करू का?" त्याला लगेच फोन करून नको म्हटलं. पण मेसेज एवढ्यावर थांबत नाही. रक्ती हगवणीचं औषध खाद्यातून काढा आणि व्हिनेगर द्या, प्रोबायोटिक अँटिबायोटिकसोबतच द्या, एन्झाइमनं आतडं झिजतं, आणि मांस शिजवल्यावर काहीच उरत नाही म्हणून माणसाला धोका नाही, असे आणखी चार सल्ले त्यात आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी तो चिमूटभर अँटिबायोटिकचा सल्ला, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानं होणार आहे. वजन येतं हे साफ खोटं नाही, एवढं मान्य करावं लागतं. खाद्यात थोडं अँटिबायोटिक गेलं की पक्षी जरा जास्त वाढतो, हे १९४० च्या दशकातच लक्षात आलं होतं आणि पुढे कित्येक देशांनी तेच केलं. पण त्याच देशांनी ते बंद का केलं, हे मेसेज लिहिणारा सांगत नाही. स्वीडननं १९८६ साली वाढीसाठीची अँटिबायोटिक्स थांबवली. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून ती पूर्ण बंद झाली. भारतानंही २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना आणि इतर खाद्य-प्राण्यांना द्यायला मनाई केली.

कारण काय, ते एका अभ्यासातून स्वच्छ कळतं. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका फार्मवर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक मिसळलेलं खाद्य सुरू केलं आणि कोंबड्या, फार्मवरची माणसं आणि शेजारी अशा सगळ्यांची विष्ठा तपासत राहिले. १९७६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यात जवळपास सगळेच जिवाणू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे झाले. पाच-सहा महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून जास्त जिवाणू प्रतिरोधक निघाले. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हेच प्रमाण ६.८ टक्के होतं. औषध कोंबडीनं खाल्लं, आणि प्रतिकार तिची देखभाल करणाऱ्या घरातल्या माणसांच्या पोटात उतरला. शिवाय हे जिवाणू एकट्या टेट्रासायक्लिनवर थांबले नाहीत, खाद्यात नसलेल्या औषधांनाही ते दाद देईनात. प्रतिकाराची जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, आणि बऱ्याचदा डीएनएच्या एकाच तुकड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं एकत्र असतात. रोज शेडमध्ये जाणारा, गादी (खाली पसरलेलं तूस) हलवणारा, मेलेले पक्षी उचलणारा माणूस या साखळीत सगळ्यात पुढे उभा असतो. माझ्या भाच्याच्या बाबतीत तो माणूस म्हणजे तो स्वतः आणि त्याची बायको.

आणि "आतडी साफ" ही कल्पनाच उलटी आहे. हॅचरीतून आलेल्या पिल्लाच्या आतड्यात जिवाणू फारच थोडे असतात, कारण त्याला आईचा सहवास मिळालेला नसतो. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांटाला यांनी १९७३ साली दाखवलं की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला अंश पिल्लांना दिला, तर साल्मोनेला हा रोगजंतू तिथे सहजी घर करत नाही. चांगल्या जिवाणूंनी जागा लवकर भरणं, यातच पिल्लाचं संरक्षण आहे. पहिल्या दिवसापासून औषध देऊन ती भरूच दिली नाही, तर पुढे साल्मोनेलासारख्या जंतूंना मोकळं रान मिळतं.

आता रक्ती हगवण आणि व्हिनेगर. हे वाचून मला खरंच राग आला. ही हगवण ज्यानं होते तो आयमेरिया हा परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून वाढतो, आणि कोंबडीच्या विष्ठेतून पडणाऱ्या त्याच्या अंड्यांचं कवच इतकं चिवट असतं की नेहमीची जंतुनाशकंही त्याला फारसं काही करत नाहीत. पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर काय करणार? मेलेल्या पक्ष्याची दोन्ही आंधळी आतडी कापून पाहा. आयमेरियाची टेनेला ही जात असेल तर ती रक्तानं गच्च भरलेली, फुगलेली दिसतात. मॅक्झिमा या दुसऱ्या जातीनं मधलं आतडं सोललं गेलं की त्याच जखमांवर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू वाढतो, आतडं फुग्यासारखं ताणलं जातं आणि आतून खरखरीत टॉवेलसारखं लागतं. ब्यूटिरिक, फॉर्मिक अशा आम्लांचा योग्य मात्रेत उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण तो आतड्यातल्या जिवाणूंसाठी आणि पेशींसाठी. आयमेरियावर ते औषध नाही.

यात आणखी एक धोका दडलेला आहे. बऱ्याच खाद्यांत मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे रक्ती हगवणीवरचं औषध आधीच असतं. मेसेज वाचून कोणी हाताशी असलेलं टियाम्युलिन हे अँटिबायोटिक पाण्यात टाकलं, तर दोन्ही मिळून विषबाधा होते. पक्षी पायावर उभा राहत नाही, आणि मरतूक सुरू झाली की नेमकं कशानं झालं तेही कळत नाही. म्हणून खाद्याच्या पिशवीवरचं लेबल वाचल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात काहीही टाकू नका.

बाकीचं थोडक्यात. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू, आणि अँटिबायोटिक जिवाणूच मारतं. दोन्ही एका टाकीत घालून दुप्पट फायदा कसा होईल? क्लोरीनच्या पाण्यातही हीच गत. एन्झाइम आतडं झिजवत नाहीत. फायटेज धान्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करतं, झायलानेज गव्हाच्या खाद्यानं आतड्यात होणारा चिकटपणा कमी करतं, त्यामुळे विष्ठा घट्ट राहते आणि गादी ओली होत नाही.

राहिलं शिजवण्याचं. नीट शिजवल्यावर जिवाणू मरतात, खरं आहे. पण मांस कापणाऱ्याचे हात, सुरी, पाट्यावरचं रक्त, शेडमधून थेट शेतात जाणारी गादी, यातलं काहीच कोणी शिजवत नाही. लेव्हींच्या फार्मवरच्या माणसांपर्यंत प्रतिरोधक जिवाणू पोचायला कोंबड्यांजवळ राहून त्यांची रोजची देखभाल करणं पुरेसं होतं.

भाच्यानं पावडरचा डबा आणून ठेवला होता. तो मी दुकानदाराला परत करायला लावला आहे. लॉटमध्ये काही दिसलं तर आधी मेलेला पक्षी घेऊन पशुवैद्यकाकडे जायचं, आणि त्यांनी औषध सांगितलं तर ते पूर्ण मात्रेत, सांगितलेले दिवस द्यायचं आणि विक्रीआधी ठरलेले दिवस बंद ठेवायचं, असं त्याच्याशी बोलून ठरलं आहे.