थेंब तरंगला

आमच्या चौकात १ मेला रक्तदान शिबिर होतं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, निम्मी माणसं गावाला, त्यामुळे रक्तपेढ्यांत खडखडाट असतो, हे फ्लेक्सवर ठळक लिहिलं होतं. मी मात्र आधी तळाची ओळ वाचली: 'प्रत्येक रक्तदात्यास ट्रॅव्हल बॅग.'

आमच्या बॅगेची चेन दिवाळीपासून तुटलेली. गेल्या वेळी कोकणात सुतळी बांधून नेली होती. शिवाय सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला दंडाला कापूस लावलेला फोटो. शिवाय ३५० मिली गेल्यावर वजनकाट्यावर तेवढाच दिलासा.

तिथला एक मुलगा समजावत होता, की एका पिशवीतलं रक्त फिरवून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे काढतात. माझा हेतू त्या यंत्रात फिरवला असता तर तळाला बॅग बसली असती, वर फोटो, आणि मध्ये कुणाचं तरी भलं व्हावं ही इच्छा. अगदी पातळ थर. तीही प्लेटलेटसारखीच, पाच दिवसांत वापरली नाही तर बाद.

सिस्टरनं बोटाला टोचून थेंब निळ्या पाण्यात सोडला. मोरचुदाचं पाणी ते. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे पास. माझा थेंब मध्यावर थबकला, जरा विचार केला आणि वर आला.

"काका, चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. जेवणाबरोबर चहा घेता का?"

"बरोबर नाही. आधी आणि नंतर."

सुईपेक्षा ते 'काका' जास्त लागलं. तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली. "मी बघू का?" म्हणाली. तिचा थेंब खडा टाकावा तसा सरळ तळाला! ती खाटेवर आडवी झाली आणि मी मेथीची जुडी धरून उभा. "हीच खात जा," सिस्टर जुडीकडे बघून म्हणाली. मेथी मी कायम ताटाच्या कडेला सारतो, हे बायकोनं झोपल्या झोपल्या तिला सांगितलं.

दहा मिनिटांत पिशवी भरली. 'मला बॅग मिळावी म्हणून बिचारीनं रक्त दिलं' या विचारानं मला भरून आलं. घरी येताना तसं म्हणालो.

"बॅगेचं काय घेऊन बसलात? दहा मिनिटं पाय पसरून पडले, कुणी काही मागितलं नाही. वर कॉफी-बिस्किट आयतं. कुणाला उपयोग झाला तर सोन्याहून पिवळं."

बॅग घेऊन ती परवा माहेरी गेली. एकटीच. मी चहा करायला उठलो तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर २९ ऑगस्टला लाल गोल दिसला. बायकांना पुन्हा रक्त द्यायला १२० दिवस थांबावं लागतं. गोलाखाली, दुधाच्या हिशेबाशेजारी, तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आडवं पडणे.'