टायटॅनियमची बॅटरी आमच्या उसात घेऊन ये एकदा

आज विश्रामबागला चहाला मित्र भेटला. खिशातून मऊ कापडात गुंडाळलेली बॅटरी अलगद काढली. (टॉर्च म्हणायचं म्हणे, आमच्याकडं बॅटरीच.) ग्रेड 5 टायटॅनियम (मिश्रधातूचा एक प्रकार), परदेशातल्या कुणी एकट्या कारागिराने लेथवर केलेली, अंगात ट्रिटियमच्या (किरणोत्सारी वायू, सेलशिवाय आपोआप मिणमिणणाऱ्या) हिरव्या नळ्या. किंमत ऐकून चहावाल्याचा हात थांबला. वर गडी म्हणतो, रोजच्या वापराची आहे. अरे लगा, रोजची म्हणतोस आणि तिच्यावर एक ओरखडा नाही!

मी पण ह्याच आजारातला. तांब्याची घेतली, खिसा गुडघ्यापर्यंत लोंबायचा आणि हाताला वास. टायटॅनियमची घेतली आणि विकली.

जानेवारीत शेतीला रात्रीची लाईट होती, पावणेदोनला मी आणि आण्णा मोटर चालू करायला निघालो. आण्णा पुढं. पाचटावर माझा उजेड पडला आणि त्या तांबूस पाल्यात घोणसेच्या पाठीवरची साखळी सुटी दिसली, आण्णांच्या पायापासून दोन हात. आण्णांच्या पांढऱ्याफेक बॅटरीत पाचट आणि साप एकाच रंगाचे, ते सरळ चाललेले.

माझी कुठली होती? कॉन्व्हॉय कंपनीची साधी ॲल्युमिनियमची, एक 18650 सेल (चार्ज होणारा लिथियमचा), आत निचिया कंपनीचा 519ए एलईडी, 4500 केल्विन म्हणजे फार पिवळाही नाही, निळसरही नाही असा उजेड, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 90 च्या वर, म्हणून साप पाचटातून सुटा दिसला. पैसे घालायचे तर एलईडीत घाला ना, बाहेरच्या धातूत काय घालताय! आणि ते टायटॅनियम हलकं असतं वगैरे सांगू नका, स्टीलपेक्षा हलकं, ॲल्युमिनियमपेक्षा जडच. उष्णता तर तांब्याच्या 50 व्या हिश्शानं पण वाहून नेत नाही, म्हणजे फुल्ल लावली की बॅटरीचं डोकं तापतं आणि उजेड लगेच कमी होतो. ट्रिटियमचा उजेड पण साधारण 12 वर्षांत निम्मा.

दिसते देखणी, हे मान्य. मित्राच्या बॅटरीत पण निचियाच होता, तेही मान्य, बरं.

पण "मोबाईलला टॉर्च असताना कशाला" म्हणून शेजारच्या टेबलावरनं हसणाऱ्यांनी तर बोलूच नये. ओल्या हातानं, चिखलात, एका हातात पान्हा धरून मोबाईल पेटवून दाखवा मला.

जाऊ दे. मित्रावर जरा जास्तच बोललो, रात्री फोन करतो त्याला. आण्णा त्या रात्री घोणशीबद्दल काही बोलले नाहीत, स्टार्टर दाबून नुसतं "चल" म्हणाले. सकाळी बघतो तर माझी कॉन्व्हॉय त्यांच्या खुंटीला, बॅटरीच्या शेपटाला सुतळी बांधून. अजून परत मागितलेली नाही.