ऐकलेल्या रहस्यकथेविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॉर्मोरन स्ट्राइक या गुप्तहेराच्या कादंबऱ्यांची मालिका मी वाचण्याऐवजी ऐकली, असे लिहिल्यावर आपण दोन आक्षेप नोंदवलेत. रहस्यकथेत मागची पाने उलटून पुरावा ताडून पाहता आला पाहिजे, हा पहिला. आणि सयाजीरावांच्या ग्रंथालयांनी घडवलेल्या बडोद्यात राहून कानांवर भागवणे हा निव्वळ आळस आहे, हा दुसरा.

पहिल्यात तथ्य आहे, आणि त्याचा सर्वांत सबळ दाखला आपल्याकडून राहून गेला, म्हणून मीच देते. मालिकेतल्या २०२२ च्या ‘द इंक ब्लॅक हार्ट’मध्ये ऑनलाइन खेळातल्या खासगी गप्पा पानावर शेजारीशेजारी रकान्यांत छापल्या आहेत, एकाच वेळी कोण कोणाशी काय बोलत आहे, हे डोळ्यांना चटकन उमगते. कानांना मात्र एका वेळी एकच रकाना मिळतो. तिथे मी हात टेकले आणि छापील प्रत मागवली.

परंतु २०१५ च्या ‘करिअर ऑफ ईव्हिल’मध्ये नेमके उलटे घडते. त्यातील काही प्रकरणे खुद्द खुन्याच्या मनातली आहेत आणि तो कोण, हे आपल्याला ठाऊक नसते. कागदावर अक्षरांना आवाज नसल्यामुळे ही लपवाछपवी सोपी आहे. वाचन करणारे अभिनेते रॉबर्ट ग्लेनिस्टर यांना मात्र प्रत्येक संशयिताला निराळी बोलण्याची ढब द्यायची आणि त्याच गळ्यातून खुन्याचे मनोगत असे वाचायचे, की त्यातली एकही ढब ओळखू येऊ नये. मी तर पुराव्यांपेक्षा त्या आवाजावरच पाळत ठेवू लागले. (फसले, हे सांगायला हवे.)

पाने उलटण्याची मुभा पुढच्या बाजूलाही असते, हे आपण विसरता. शेवटचे प्रकरण आधी चाळण्याची माझी जुनी खोड ‘ट्रबल्ड ब्लड’च्या सुमारे ३२ तासांत पार मोडली. एकदा मेथी निवडताना नेमकी साक्षीदाराच्या वाक्यावर कुकरची शिट्टी झाली. चिखलाच्या बोटांनी मी तीस सेकंद मागे गेले, तर पुन्हा शिट्टी. शेवटी गॅस बंद करून ते वाक्य ऐकले. छापील पुस्तकात एका वाक्यासाठी मी इतकी कधीच अडले नसते.

आळसाविषयी थोडेच. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोलावलेल्या अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्यापासून जी ग्रंथालय-व्यवस्था इथे उभी राहिली, तिच्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांच्या जोडीला निरक्षरांसाठी जादूच्या कंदिलाची (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणाऱ्या यंत्राची) चित्रे दाखवणारी शाखाही होती. तेव्हा महाराजांची साक्ष आपल्या बाजूने काढताना जरा जपून.

‘द इंक ब्लॅक हार्ट’ मात्र सध्या आपल्या पद्धतीने चालू आहे: गप्पांचे प्रकरण आले की आवाज थांबवते, चष्मा शोधते आणि रकाने बोटाने लावत बसते.